बाळ सुखरूप आहे, आईचे काय?

महाराष्ट्रात आज शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला हा आकडा अभिमान वाटावा असाच आहे. पण त्याच्या मागोमाग एक समजूतही आपल्या मनात येऊन बसली आहे : बाईला दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचवले की आपले काम संपले. २०१८-२० या काळात राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. केरळात १९. देशाची सरासरी ९७ होती, तेव्हा आपले बरे चालले आहे असे कुणी म्हणेल. मला ते म्हणवत नाही. यातले बहुतेक मृत्यू टाळता येतात आणि ते कसे टाळायचे हे वैद्यकाला पक्के ठाऊक आहे.

प्रसूतिकक्षाबाहेर काय चालते ते आठवा. दुपट्यात गुंडाळलेले बाळ बाहेर येते. आत्या त्याचे नाक कुणावर गेले ते ठरवते, पेढ्यांचा पुडा फुटतो, वजन विचारले जाते. आत टेबलावर बाई कुडकुडत पडलेली असते. ‘दमलीय, पडू दे जरा,’ असे सगळेच म्हणतात. ती दमलेली असेलही. पण अंगावरून जास्त जात असेल, तर आपण जिला झोप म्हणतो ती ग्लानी असू शकते. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. बाळ आणि वार बाहेर पडल्यावर पिशवी आकसून कडक झाली, तरच त्या रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात. नाही आकसली, तर काही मिनिटांत होत्याचे नव्हते होते. त्यात गरोदरपणी शरीरातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेले असते. तरुण शरीर या साठ्याच्या जोरावर बराच वेळ तग धरते, बीपी ठीक दाखवत राहते आणि मग एकदम कोसळते. नाडी मात्र आधीच पळू लागलेली असते. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याच्या पुढे गेला, तर तो धोक्याचा इशारा आहे. तो कळायचा, तर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी तिच्या मनगटावर बोटे ठेवायला हवीत, पोटावर हात ठेवून पिशवी कडक आहे ना ते पाहायला हवे.

नजरेच्या अंदाजाने रक्तस्राव ओळखता येत नाही, याचा पुरावा आता आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतिणींवर झालेला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत जवळजवळ निम्मे रक्तस्राव वेळेत ओळखलेच गेले नव्हते. जिथे बाईच्या कमरेखाली मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा कागद घातला आणि रक्त ठरावीक खुणेपर्यंत येताच पोट चोळणे, पिशवी आकसण्याचे औषध, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाईन आणि तपासणी असे सगळे एकदमच सुरू केले, तिथे शंभरातले ९३ ओळखले गेले आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. यात एकही महागडे यंत्र नाही. अतिदक्षता इथूनच सुरू व्हायला हवी, आयसीयूच्या काचेच्या दारापासून नव्हे.

अर्थात त्या दाराचीही गरज आहेच. फुप्फुसात पाणी झालेली, झटके येऊन बेशुद्ध पडलेली, जंतुसंसर्ग रक्तात भिनलेली बाळंतीण अनेकदा व्हेंटिलेटरवाचून वाचत नाही. आजारी नवजातांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष उभे राहिले, याचा मनापासून आनंद आहे. अत्यवस्थ मातांसाठी तशा कक्षांची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१६ साली काढली. ती कागदावरून तालुक्यापर्यंत उतरलेली नाहीत. मग उरते ‘रेफर’ची चिठ्ठी. मेळघाटात धारणीहून अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात जायचे, तर घाटातून दीडशे किलोमीटरच्या आसपासची वाट आहे. त्या गाडीत बाईला नुसते घालून देणे म्हणजे तिला सोडून देणे आहे. बीपी वाढून झटके येण्याची भीती असेल, तर मॅगसल्फचा पहिला डोस निघण्याआधीच गेला पाहिजे. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली सिद्ध झाले आहे. सोबत प्रशिक्षित सिस्टर हवी, पुढच्या रुग्णालयाला फोन झालेला हवा, रक्तगट कळवलेला हवा.

आता घराबद्दल. इथे मला अधिक संताप येतो. डॉक्टर सांगतात, रक्तस्राव थांबत नाही, पिशवी काढावी लागेल. नवरा म्हणतो, आईला विचारतो. आई म्हणते, मोठ्या दिराला येऊ दे. दीर शेतावर असतो. आत बाईचे ओठ पांढरे पडत असतात आणि बाहेर पुढच्या मुलाचा विचार चाललेला असतो! प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरेशी आहे. ती शुद्धीवर नसेल आणि जीव वाचवायचा असेल, तर डॉक्टरांनी कुटुंबाच्या बैठकीची वाट पाहण्याचे कारण नाही. रक्त द्यायची वेळ आली की घरातले धडधाकट पुरुष अशक्तपणाच्या भीतीने मागे सरतात, हे कोणत्याही रक्तपेढीत विचारून पाहा. देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत. दुसरीला सोसेल एवढा रक्तस्राव अशा बाईचा जीव घेतो. आठवा महिना लागला की डोहाळजेवणाच्या तयारीबरोबर दोन रक्तदात्यांची नावेही ठरली पाहिजेत.

पैशांचेही स्पष्ट बोलू. तातडीच्या रुग्णावर उपचार करणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. अनामत रकमेचा हिशेब रक्त थांबल्यावर करावा.

घरी गेल्यावरही धोका संपत नाही. बाळंतपणानंतर बीपी वाढते, कधी तेव्हाच पहिल्यांदा वाढते. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरात म्हणतात, पित्त झाले. थंडी वाजून ताप आला, तर तो दुधाचा ताप. धाप लागली, तर अशक्तपणा. झटके आले, तर बाहेरची बाधा. यातले प्रत्येक लक्षण त्याच दिवशी दवाखाना गाठण्याचे आहे. बाळाला घरी जाऊन तपासण्याची रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केली आणि ती देशाने स्वीकारली. आज आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतात, वजनकाटा घेऊन येतात. त्याच पिशवीत बीपीचे यंत्र हवे आणि आईचा दंड आधी पुढे यायला हवा.

मरणाच्या दारातून परतलेल्या मातांच्या आढाव्याची पद्धत केंद्राने २०१४ साली घालून दिली. तिचा खरा उपयोग करायचा, तर त्या बाईला समोर बसवून विचारले पाहिजे : तुम्हाला बरे वाटत नाही हे तुम्ही पहिल्यांदा कधी सांगितलेत, कुणाला, आणि त्यावर काय उत्तर मिळाले? ही उत्तरे नावे झाकून दर महिन्याला जिल्हा शल्यचिकित्सकांसमोर वाचली जावीत, आणि त्या बैठकीला सरकारी डॉक्टरांबरोबर शहरातले खासगी प्रसूतितज्ज्ञ आणि ज्या सिस्टर रात्रपाळीला होत्या त्याही हजर असाव्यात.