परळच्या पिसवा आणि नफ्याचे गणित

विज्ञान पुढे जायचे तर त्यामागे नफ्याची ओढ हवी, असे आज इतक्या सहज बोलले जाते की ते तपासून पाहायचे कुणाच्या मनातही येत नाही. ते तपासायला परळची हाफकिन संस्था ही चांगली जागा आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवीत डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर सरकार हलले ते केवळ माणसे मरत होती म्हणून नव्हे. गिरणीकामगार गावाकडे पळत होते आणि युरोपातली बंदरे मुंबईच्या जहाजांना थारा देणार नाहीत, ही धास्ती होती. व्हाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. व्यापाराच्या काळजीने विज्ञानाला घाई लावली, हे मान्यच केले पाहिजे. पण घाई लावणे ही एक गोष्ट झाली. कोणता प्रश्न हाती घ्यायचा हे ठरवणे ही दुसरी.

लस बाटलीत भरता येते, म्हणून तिला गिऱ्हाईक असते. प्लेग एका शरीरातून दुसऱ्यात जातो कसा, या प्रश्नाला गिऱ्हाईक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवले, पण त्याचे फारसे कुणी मनावर घेतले नाही. तो प्रश्न १९०५ नंतर परळला, याच संस्थेत, सरकारी प्लेग कमिशनने धसास लावला. लहान लहान खोल्या बांधल्या, त्यांत रोगी गिनीपिग आणि पिसवा सोडल्या. निरोगी गिनीपिगांचे काही पिंजरे जमिनीलगत ठेवले, काही पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगले. खालच्यांना प्लेग झाला, टांगलेले वाचले. पिसवा नसतील तर रोगी आणि निरोगी प्राणी एकत्र राहूनही लागण होत नव्हती. चाळीतल्या माणसाला घरात उंदीर मरून पडला की जागा का सोडायची, याचे कारण या पिंजऱ्यांनी दिले. हे ज्ञान विकायचे कुणी, आणि कुणाला? एकदा कळले की ते सगळ्यांचेच होते, आणि म्हणूनच त्यात पैसा घालायला कुणी सावकार पुढे येत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की सरकारी संस्था सुस्तावतात आणि स्वस्त लस शेवटी कारखानदारच देतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे उदाहरण समोर आहे, आणि मला ते मोलाचे वाटते. पण १९६६ मध्ये ती सुरू झाली त्यामागची कथा परळशी जोडलेली आहे: तिचे संस्थापक पूनावाला यांच्या स्टड फार्मवरचे घोडे रक्तजल बनवण्यासाठी हाफकिनला जात, आणि रक्तजल आपणच का काढू नये, हा विचार तिथून आला. याच कंपनीने आफ्रिकेतल्या मेंदूज्वरावरची लस २०१० मध्ये अर्ध्या डॉलरहून कमी दरात दिली. मात्र ती लस हवी हे जागतिक आरोग्य संघटनेने आणि पाथ या संस्थेने ठरवले, पैसा गेट्स प्रतिष्ठानाचा होता, तंत्र अमेरिकन सरकारी प्रयोगशाळेतून आले. कंपनीने उत्पादन चोख केले. तिचे श्रेय तिला द्यावे, प्रश्न निवडण्याचे मात्र देऊ नये.

प्रश्न नफ्यावर सोडला की काय होते, हे सर्पदंशात दिसते. देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सापाच्या विषाने दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. आफ्रिकेसाठीचे ‘फाव-आफ्रिक’ हे प्रतिविष परवडत नाही म्हणून सानोफी या औषध कंपनीने २०१४ मध्ये बनवणे थांबवले. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. पश्चिम घाटातल्या हंप-नोज्ड पिट वायपर या चापड्याच्या दंशावर ते उपयोगी पडत नाही. तो चावतो रबराच्या आणि सुपारीच्या बागेत राबणाऱ्या मजुराला. त्याच्यासाठी खास औषध शोधायला निघेल असा कारखानदार मला दिसत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. हे काम परळसारख्या संस्थेचे आहे. तिला त्यासाठी माणसे आणि पैसा देणे हे सरकारचे काम आहे, आणि ते मागणे आपले.