आधी पट्टी सांगा

सिएटलला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी एका गिटार घडवणाऱ्याकडे नंबर लावला. एकटा माणूस, घरामागच्या शेडमध्ये काम करणारा, वर्षाला जेमतेम डझनभर गिटारी पुऱ्या करणारा. अशांना तिकडे ल्युथिअर म्हणतात. आपल्या मिरजेच्या भाषेत सतारमेकर. भाच्याला जंबो गिटार हवी होती, म्हणजे रुंद पोटाची, अंगापिंडाने थोराड. इसार भरल्यावर तिकडून एक फॉर्म आला आणि तो त्याने मला पाठवला. 'मामा, बघ ना जरा, काय काय भरू?'

तीन पानांचा फॉर्म. पुढची फळी कोणत्या स्प्रूसची: सिट्का, जर्मन की अ‍ॅडिराँडॅक? पाठ आणि बाजू कशाच्या? मान किती मिलिमीटर रुंद? मधल्या भोकाभोवतीची नक्षी शिंपल्याची की लाकडाची? खुंट्या सोनेरी की काळ्या? एवढं सगळं विचारलेलं, पण बाबा रे, तू वाजवतोस काय, आणि गातोस तर कुठल्या पट्टीत, हे काही कुठे दिसेना.

आईचा तंबोरा सांगायला मिरजेला गेलो होतो, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. सतारमेकर गल्लीतल्या त्या दुकानात गादीवर बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मग विचारलं, 'पट्टी कुठली, ताई?' आई म्हणाली, 'काळी चार. पण सर्दी झाली की तीनवर येते.' 'सा लावा,' तो म्हणाला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. आई संकोचली, पण तिने सा लावला. तो डोळे मिटून ऐकत राहिला, मग उठला, भिंतीला टेकवलेली एक दांडी हाताने मोजून परत ठेवली, दुसरी काढली, आणि वर टांगलेल्या भोपळ्यांपैकी एक बोटाने वाजवून खाली घेतला. लाकडाबद्दल एक शब्द निघाला नाही. दांडी-तबकडीला तूण आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, हे गृहीतच होतं.

वाद्य सांगून करून घ्यायचं म्हणजे कारागिराला नेमकं काय सांगायचं? या दोन दुकानांत त्याची दोन उत्तरं आहेत, आणि मला मिरजेचं उत्तर जास्त शहाणं वाटतं. जंबो गिटारीचा स्वतःचा इतिहासही त्याच बाजूने साक्ष देतो.

रे व्हिटली हा हॉलीवूडच्या काऊबॉयपटांत गाणारा नट. १९३७ च्या सुमारास त्याने गिब्सन कंपनीकडे मागणी केली ती भरदार खर्जाच्या, मोठ्या अंगाच्या गिटारीची. त्या काळी मोठी म्हणून नावाजलेली मार्टिन कंपनीची ड्रेडनॉट गिटार रुंदीला सोळा इंचांच्या आत होती. गिब्सनने व्हिटलीसाठी सतरा इंचांची केली आणि तिला नाव दिलं सुपर जंबो. पुढे तीच एसजे-२००. दोनशे म्हणजे तिची डॉलरमधली किंमत. एल्व्हिस प्रेस्ली, एमिलू हॅरिस अशा कितीतरी गाणाऱ्यांच्या हाती ती गेली. म्हणजे आज जिचा साचा जगभर नकलला जातो, ती गिटार मुळात एका गाणाऱ्या माणसाने आपली गरज सांगून करून घेतली होती.

पण अंग मोठं केलं की आवाज मोठा झाला, इतकं ते सोपं नाही. पोटातली हवा वाढली की खर्ज खाली उतरतो, हे खरं. अडचण येते पुढच्या फळीची. पोलादी तारांची एकूण ओढ सत्तर किलोंच्या आसपास असते, आणि ती पेलणारी फळी असते तीनएक मिलिमीटर जाडीची. आतून लाकडी पट्ट्यांचा फुलीसारखा आधार दिलेला असतो. फळी जाड ठेवली तर गिटार मुकी होते, फार तासली तर दोन वर्षांत पोट पुढे येतं आणि तारा बोटांना लागेनाशा उंच होतात. फळी जितकी रुंद तितकी ही कसरत अवघड. कारागीर फळी दोन बोटांत कोपऱ्याला धरतो, कानाशी नेतो, पेराने टकटक करतो, आतल्या पट्टीवरून रंधा एकदा फिरवतो, परत टकटक. पुन्हा रंधा. कुठे थांबायचं हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. कारखान्याला हजारो गिटारींची हमी द्यायची असते, म्हणून तो जाडीच्या बाजूने चुकतो. एकटा कारागीर हातातल्या त्या एका फळीला ओळखतो, म्हणून तिला अगदी कडेपर्यंत नेण्याची हिंमत करू शकतो. त्याला द्यायच्या जादा पैशांचं कारण शोधायचं तर ते इथे आहे. दहा हजार डॉलरच्या पुढच्या किमतीतला बराच भाग मात्र लोक आनंदाने देतात तो पाठीच्या लाकडासाठी.

हे पाठीचं लाकूड म्हणजे मोठी गंमत आहे. सगळ्यांत मानाचं ब्राझीलचं रोझवूड. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखली तेव्हा, १९६९ मध्ये, मार्टिन कंपनी भारतीय रोझवूडकडे वळली. हे भारतीय रोझवूड म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपली शिसव. जिच्या खुर्च्यांवर बसून आपल्या आजोबांनी पेपर वाचले आणि जिच्या पलंगांना आपण फ्लॅटच्या दारातून जात नाहीत म्हणून भंगारच्या भावात काढलं, तीच. १९९२ मध्ये ब्राझीलचं रोझवूड दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या सर्वांत कडक यादीत गेलं. मग जुन्या साठ्यातल्या फळ्यांना सोन्याचा भाव आला आणि शिसव कायमची दोन नंबरची ठरली.

कानांना हा फरक कळतो का? इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं, तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फाइल्ड गिटार्सच्या रॉजर बकनॉल यांनी सहा गिटारी केल्या, सगळ्या एकसारख्या, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. ब्राझीलचं रोझवूड, आपली शिसव, महोगनी, मेपल, अक्रोड आणि सपेली. बावन्न वाजवणाऱ्यांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डरचे चष्मे चढवून त्या वाजवायला दिल्या. सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच गुण मिळाले. स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेसने तर १८६२ मध्येच पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून दाखवल्या होत्या, आवाज पुढच्या फळीत असतो हे सांगायला. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. पाठ अगदीच काही करत नाही असं मी म्हणत नाही. पण भाच्याच्या फॉर्ममधलं अर्धं पान डोळ्यांसाठी होतं, आणि ते कानांच्या नावावर खपवलं जात होतं.

इथून संग्रह करणाऱ्यांना झोडपणं सोपं आहे. दाराला कुलूप, खोलीत पंचेचाळीस टक्के आर्द्रता, भिंतीवर बारा गिटारी आणि वाजवणारा कुणी नाही. आमच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींत असा माणूस म्हणजे हमखास विनोदाचा विषय. मीही हसलो आहे. पण स्कॉट चिनरीचं उदाहरण मला गप्प करतं.

न्यू जर्सीचा हा धनिक. जेम्स डी'अ‍ॅक्विस्टो या थोर कारागिराने त्याच्यासाठी एक निळी गिटार केली होती, अठरा इंच रुंद, व्हायोलिनसारख्या कोरीव पोटाची. १९९५ मध्ये डी'अ‍ॅक्विस्टो गेले. त्यानंतर चिनरीने बावीस कारागिरांना एकेक गिटार सांगितली. अट एवढीच की रुंदी अठरा इंच आणि रंग तोच निळा. बाकी तुमचं डोकं, तुमचे हात. लिंडा मॅन्झर, जॉन माँटेलिओनी, बॉब बेनेडेटो अशांनी आपापली गिटार केली. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, आणि तरी एकीसारखी दुसरी नाही अशा. स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात त्या मांडल्या गेल्या. चिनरी २००० मध्ये वारला, पण त्याआधी त्याने आपल्या संग्रहातल्या गिटारी मार्टिन टेलर आणि स्टीव्ह हाऊ यांच्या हाती दिल्या होत्या, आणि त्यांचं एक ध्वनिमुद्रणही झालं. दोनच अटी घालून बाकी मोकळं सोडणं ही सांगण्याची फार वरची तऱ्हा आहे. गिऱ्हाईक जितका तपशील भरतं तितका कारागीर नुसता मजूर होतो, आणि मग त्याच्याकडे जायचं तरी कशाला?

संग्रहाबद्दलची माझी खरी तक्रार निराळी आहे. कपाटातली गिटार तक्रार करत नाही. आईच्या तंबोऱ्याची जवारी वर्षा-दीड वर्षाने बसायची. तारांनी घोडीवर चरे पडत, आवाज बोथट होई, मग मिरजेहून कारागीर पुण्याच्या फेरीवर आला की आई त्याला गाठायची. तो घोडी घासायचा, दोरा सरकवायचा, ऐकायचा, आणि अधूनमधून स्वतःशीच पुटपुटायचा, 'ही तबकडी आणखी जरा पातळ चालली असती.' पुढच्या तंबोऱ्याला ते शहाणपण लागत असणार. वाद्य वाजलं तर बिघडतं, बिघडलं तर परत येतं, आणि परत आलं तरच करणाऱ्याला आपली चूक ऐकू येते. बंद खोलीत टांगलेली गिटार तिच्या कारागिराला काही शिकवत नाही. तिची किंमत वाढते, एवढंच.

आता मिरजेच्या बाजूने फार बोलायचं तर दुसरंही बोलायला हवं. पट्टी विचारणाऱ्या त्या म्हाताऱ्याला आपण काय दिलं? शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत हा धंदा उभा केला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण क्लासला बसणारी मुलं आता सुरांची पेटी नाहीतर मोबाइल समोर ठेवतात, आणि तंबोरा घ्यायचाच झाला तर किमतीत घासाघीस करतात. व्हर्जिनियाच्या डोंगरात वेन हेंडरसन म्हणून एक गिटार घडवणारे आहेत, पूर्वी टपाल वाटायचे. एरिक क्लॅप्टनसारख्याला त्यांच्या गिटारीसाठी दहाएक वर्षं थांबावं लागलं. आपल्याकडे एखाद्या बड्या गवयाने सतारमेकरासाठी दहा वर्षं थांबल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तिकडच्या कारागिराला ही ऐट परवडते, कारण रांगेत ते बारा गिटारीवाले उभे असतात. ज्यांना मी हसलो, त्यांच्याच पैशांवर त्याला एका फळीला आठवडा द्यायची चैन मिळते. आपण कारागिराला नेमकी गोष्ट सांगतो पण पैसे देत नाही, ते पैसे देतात आणि भलतीच गोष्ट सांगतात.

भाच्याला मी एवढंच सुचवलं की लाकडाचे रकाने रिकामे सोड, आणि खाली लिही: बोटांनी वाजवतो, पिक वापरत नाही, रात्री मुलगी झोपल्यावर वाजवतो, खालच्या पट्टीत गुणगुणल्यासारखं गातो. सोबत फोनवर दोन मिनिटं गाऊन ते पाठव. त्याने कुरकुर करत पाठवलं.

आठवड्याने उत्तर आलं. कारागिराने लिहिलं होतं की तुझं गाणं ऐकलं, बरं वाटलं, पण तुला जंबो नको. इतक्या हळुवार बोटांनी एवढी मोठी फळी पुरती जागीच होणार नाही, आणि जागी झालीच तर तिचा खर्ज तुझा आवाज गिळून टाकेल. पंधरा इंचांची करू. पाठीला शिसव चालेल, माझ्याकडे पडून आहे.

भाचा माझ्याशी दोन आठवडे धड बोलला नाही. त्याला जंबोच हवी आहे, कॉलेजपासून हवी आहे. नंबर यायला अजून दीड वर्ष आहे, आणि दरम्यान त्याने दुसरा एक कारागीर शोधून ठेवला आहे, जो काही विचारत नाही.