पकडला गेला, पालटला नाही

बी. आर. चोप्रा यांचा ‘पती पत्नी और वो’ हा हिंदी विनोदी चित्रपट १९७८ साली निघाला आणि २०१९ साली तो नव्या नटसंचात पुन्हा काढण्यात आला. आमच्या जोयडा तालुक्यातही, जेथे फोनला रेंज मिळते तेथे, असे चित्रपट आता घरबसल्या पाहिले जातात. म्हणून त्याच्या शेवटाविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

चित्रपटाचा आरंभच आदाम, हव्वा आणि सफरचंद यांच्या गोष्टीने होतो. रणजीत हा आदाम, त्याची पत्नी शारदा ही हव्वा, आणि कचेरीतील सेक्रेटरी निर्मला हे सफरचंद! पवित्र शास्त्रात सफरचंदाचे नाव नाही, केवळ फळ म्हटले आहे, हे संडेस्कूलच्या मुलांनाही ठाऊक असते. पण खरी चूक निराळीच आहे. फळ कोणाला फसवत नाही आणि कोणाकडून फसतही नाही. निर्मला मात्र फसली. बायकोला कॅन्सर आहे, असे खोटे सांगून रणजीतने तिची दया मिळवली. धडधाकट पत्नीला त्याने आपल्या तोंडाने मरणाच्या दारी बसवले. व्यभिचाराआधी खोटेपणा आला, तो असा.

पुढे बिंग फुटते, रणजीतची फजिती होते, तरी घर मोडत नाही. आता सारे सुरळीत झाले, असे वाटते न वाटते तोच कचेरीत नवी सेक्रेटरी येते आणि याची जुनी लगबग पुन्हा सुरू होते. प्रेक्षक खो खो हसतात. आमच्या मते हा शेवट विनोदाचा असला तरी खरा आहे. रणजीत पकडला गेला होता, पालटला नव्हता.

वाचकहो, हा भेद आपण मंडळीत पाळतो काय? अशा घरी समेटासाठी गेलो, की नवऱ्याने मान खाली घातलेली आपल्याला पुरते, आणि मग सारा उपदेश त्या बहिणीला: क्षमा करा, मुलांकडे पाहा, चारचौघांत बोभाटा नको. क्षमा ही ख्रिस्ताची आज्ञाच आहे. परंतु पत्नीची क्षमा म्हणजे पतीचा पश्चात्ताप नव्हे. एकीच्या अश्रूंनी दुसऱ्याचे मन धुतले जात नाही.

आदामाने देवासमोर स्त्रीकडे बोट दाखवले. दावीद राजाने नाथान संदेष्ट्यासमोर बथशेबेला दोष दिला नाही. पाप आपले म्हणून पदरी घेतले. पश्चात्तापाची सुरुवात येथे होते. पुढे तो रोजच्या वागण्यात दिसावा लागतो: खोटे सांगितले तेथे जाऊन खरे सांगण्यात, मोडलेला विश्वास पुन्हा जडेपर्यंत धीर धरण्यात, आणि पत्नीने प्रश्न विचारला तर न रागावण्यात.

तेव्हा समेटास जाणाऱ्या बंधूंनी त्या बहिणीला क्षमेची घाई करू नये. आधी पतीला एकान्तात विचारावे: तुला वाईट कशाचे वाटते, पापाचे की फजितीचे? त्याचे खरे उत्तर येईपर्यंत थांबण्याची सहनशीलता प्रभू आपणांस देवो.