शिकाऊ हात आणि परक्याची काया

परदेशी विद्यापीठांतील वैद्यकाचे व परिचर्येचे विद्यार्थी हल्ली काही आठवड्यांच्या अनुभवासाठी गरीब देशांतील खेड्यांत जातात, आणि जाताना पुष्कळजण आपण सेवेसाठी जातो असे म्हणतात. या शब्दाचे मला नवल वाटते. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या व १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची पदवी घेऊन परतल्या. तेथे त्या विद्यार्थिनीच होत्या. मग प्रवासाची दिशा उलटताच विद्यार्थ्याचा उपकारकर्ता कसा होतो?

शिकण्यासारखे येथे पुष्कळ आहे. जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांत जमिनीवर निजलेल्या माणसास मण्यार रात्री चावते. दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि वेळीच कृत्रिम श्वास न मिळाल्यास प्राण जातो. लंडनच्या विद्यार्थ्यास हे ग्रंथात वाचून समजेल. ओळखता येईलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशास उपेक्षित रोगांच्या यादीत २०१७ मध्ये घेतले, नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत अशा रुग्णांवर त्यापूर्वी कित्येक वर्षे उपचार करीत होते. तेव्हा गुरू येथे आहे.

परंतु रुग्णाचे काय? स्वदेशी ज्यास टाका घालण्याची मुभा नाही, त्याने तो घोडेगावात घालावा काय? कोणी म्हणेल, प्रत्येक डॉक्टर कोणाच्या तरी देहावरच शिकतो. पुण्याच्या ससूनमध्येही गरिबाच्याच खाटेभोवती विद्यार्थी उभे असतात. हा आक्षेप हलका नाही. तथापि तेथील विद्यार्थ्यास रुग्णाची भाषा कळते, त्यास जाब विचारणारे वरिष्ठ असतात, आणि त्याची विद्या याच समाजात राहावी अशी निदान अपेक्षा असते. (तोही पुढे विलायतेस जातो, हे मी विसरलेलो नाही.) चार आठवड्यांच्या पाहुण्यावर यांतले कोणते बंधन आहे? रुग्णाने होकार दिला, एवढ्याने भागत नाही. डॉक्टरसाहेबांपुढे बसलेली बाई भिडेने मान हलविते; ‘नको’ म्हटल्यास औषध मिळेल की नाही, ही धास्ती तिच्या मनात असते. त्या रुकारास संमती म्हणणे मला जड जाते.

म्हणून स्वदेशी जे करता येत नाही, ते पाहुण्याने येथेही करू नये. पाहावे, विचारावे, टिपून घ्यावे. जामखेडला डॉ. रजनीकांत व मेबेल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांस आरोग्याचे शिक्षण दिले, आणि पुढे देशोदेशीचे लोक त्यांच्याकडून शिकण्यास आले. अशा शिक्षणाची फी पाहुणा भरतोच. तिच्यातला किती भाग सर्पविषावरील लशीच्या साठ्यापर्यंत पोहोचतो, हे त्याने निघण्यापूर्वी विचारण्यास हरकत नाही.