नदी आणि तिचा समुद्र

सर्व नद्या अखेर सागरासच मिळतात, हा दृष्टांत आपण इतक्या वेळां ऐकतों, कीं वाटेचा बरेवाईटपणा शेवटीं लोप पावतो अशी आपली समजूत होऊन बसते. ती एकदां भूगोलाच्या कसोटीस लावून पाहण्याजोगी आहे.

हर्सूलच्या तलावावरून पुढें जाणारी खाम नदी गोदावरीस मिळते व तिचें पाणी बंगालच्या उपसागराची वाट धरतें. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे पडलेला पाऊस मात्र वाघूर नदीनें तापींत जाऊन अरबी समुद्र गांठतो. यांत कोणत्याहि थेंबाचें पुण्य नाहीं कीं पाप नाहीं. नदी आपला समुद्र निवडीत नाहीं. तो उतार ठरवितो.

परंतु समुद्राप्रमाणें नदीचें रूपहि निराळें दिसतें. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र सुमारें ८० किलोमीटर. तरी त्याच्याकडे पाठ फिरवून गोदावरी १४६५ किलोमीटर चालते आणि मुखाशीं गाळाचा सुपीक त्रिभुज प्रदेश रचते. ७२४ किलोमीटर लांबीची तापी खंबायतच्या आखातास मिळते. तेथील भरती-ओहोटी मोठी जोरकस. तापीच्या मुखाशीं तसा विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश नाहीं, खाडी आहे. मग समुद्रच नदीस घडवितो, असें म्हणावें काय?

तें अर्धेंच सत्य होईल. बंगालच्या उपसागराचें पाणी अरबी समुद्राहून कमी खारट आहे. कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी अशा महानद्या आणि विपुल पाऊस त्यांत गोडें पाणी ओततात. म्हणजे नद्याहि आपला समुद्र घडवीत असतात.

साध्यसाधनविवेकाचें मर्म येथेंच आहे. साध्य उदात्त असलें म्हणजे साधनांचा मळ त्यांत विरून जातो, असें म्हणणारा साध्यास आयता भरलेला समुद्र समजतो. वस्तुतः साधनें जें वाहून आणतात, त्याचेंच साध्य बनतें. खामेचेंच पाहा. हर्सूलखालीं ती शहरांतून जातां जातां तेथील सांडपाणी पोटांत घेते आणि नाथसागराकडे नेते. पैठणजवळ जायकवाडी धरणानें अडविलेल्या त्याच जलाशयांतून शहर आपलें पिण्याचें पाणी उपसून आणतें. सागर सर्व कांहीं पोटांत घालतो असें म्हणतांना तो फार दूर आहे, असें आपण गृहीत धरतों. येथें तो पैठणइतका जवळ आहे, आणि त्याचें पाणी आपल्याच घड्यांत परत येतें.

कोणत्या समुद्रास मिळावें हें नदीच्या हातीं नाहीं, कोणत्या कुळांत जन्मावें हें आपल्या हातीं नाहीं. प्रवाहांत काय सोडावें, हें मात्र आपण रोज ठरवितों. त्याचा जाब दैवास विचारणें अन्यायाचें होय.