पोकळी टिकते कशावर?

आदिलाबादच्या काळ्या रानात उन्हाळ्यात जागोजागी भेगा पडतात. पावसाळ्यात तीच कापसाची जमीन पाणी पिऊन फुगते आणि भेगा मिटतात. बेसाल्ट झिजून तयार झालेली मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती त्याला कारणीभूत आहे. तिच्या पापुद्र्यातले अणू घट्ट जोडलेले असतात, पण एका पापुद्र्याची दुसऱ्यावरची पकड ढिली असते. पाणी शिरलं की पापुद्रे दूर सरतात, पाणी गेलं की जवळ येतात. म्हणजे इथली पोकळी पाण्याच्या जिवावर उभी असते.

याच दख्खनच्या बेसाल्टमधलं दुसरं खनिज पाहा. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींत जिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. त्यांत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन तिन्ही दिशांनी बांधलेले असतात. कित्येक जिओलाइट तापवले तर पाणी निघून जातं, पण सांगाडा तसाच राहतो. पोकळी टिकते ती चहूबाजूंच्या बांधणीमुळे.

हेच तत्त्व माणसाने प्रयोगशाळेत धातू-सेंद्रिय सांगाड्यांत (एमओएफ) उतरवलं. धातूच्या अणूंच्या गाठी आणि त्यांना जोडणाऱ्या सेंद्रिय रेणूंच्या कांड्या, अशी ही रचना. रिचर्ड रॉब्सन यांनी १९८९ मध्ये पाया घातला, पण सुरुवातीच्या रचना सहज ढासळत. सुसुमू कितागावा यांनी १९९७ मध्ये वायू आत-बाहेर करणारे सांगाडे घडवले. ओमर याघी यांचा १९९९ मधला एमओएफ-५ तर रिकामा करून ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तरी उभा राहिला. त्याच्या एका ग्रॅममधल्या भिंती उलगडल्या तर वीस गुंठ्यांहून जास्त जागा व्यापतील. या तिघांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मात्र हाच एमओएफ-५ दमट हवेत खचतो. पाण्याचे रेणू जस्त आणि ऑक्सिजनमधला बंध तोडतात. त्यात चार जस्त-अणूंच्या प्रत्येक गाठीला सहा कांड्या असतात. ऑस्लो विद्यापीठात २००८ मध्ये जाहीर झालेल्या यूआयओ-६६ या सांगाड्यात सहा झिर्कोनियम-अणूंच्या गाठीला बारा कांड्या आहेत, आणि झिर्कोनियम ऑक्सिजनला अधिक घट्ट धरतो. म्हणून तो पाण्यातही टिकतो.

म्हणून अशा नव्या पदार्थाची बातमी वाचाल, तेव्हा आत जागा किती हे जरूर पाहा. पण रिकामा केल्यावर आणि पावसाळी हवेत ठेवल्यावर सांगाडा टिकतो का, हे आधी विचारा.