गोधडीला एक टीप पुरते

शिलाई मशीनच्या दुकानात विक्रेता सर्वांत आधी मशीनच्या अंगावर छापलेला टाक्यांचा तक्ता दाखवतो. साधी टीप, झिगझॅग, पानं, फुलं, बदकांची रांग, इंग्रजी अक्षरं. तक्ता जितका लांब तितकी किंमत चढी, आणि किंमत चढी म्हणजे मशीन चांगलं, असा हिशेब आपणही नकळत मांडून टाकतो. ज्यांना झबली, ब्लाउज, पडदे, पिशव्या सगळंच शिवायचं आहे, त्यांच्यापुरता तो हिशेब अगदीच चुकीचा नाही. पण केवळ गोधडीसाठी मशीन घ्यायला निघालेल्या माणसाने त्या तक्त्यासमोर उभं राहून एकच विचारावं: यातले किती टाके माझ्या गोधडीवर पडणार आहेत?

एक. सरळ टीप. बाकीचे तक्त्यावरच राहणार.

हे म्हणणं टोकाचं वाटत असेल तर एका गोधडीचा हिशेबच करून बघू. एका माणसाच्या पलंगाची गोधडी धरा, साठ इंच रुंद, नव्वद इंच लांब. शिवून झाल्यावर पाच इंच भरतील असे चौकोन घेतले तर आडवे बारा आणि उभे अठरा, म्हणजे २१६ तुकडे. ते जोडून वरचा पदर तयार करायला जवळपास ५१ मीटर टीप लागते. मग वरचा पदर, मधलं भरण आणि खालचं अस्तर हे तिन्ही थर एकत्र टिपायचे. दोन-दोन इंचांवर उभ्या रेघा मारल्या तर आणखी ६६ मीटर. शेवटी चारही बाजूंनी गोट, दोन वेळा फिरून पंधरा मीटर. सगळं मिळून १३२ मीटर. अडीच मिलिमीटरचा एक टाका धरला तर हे पन्नास हजारांहून जास्त टाके होतात, आणि ते सगळे एकाच जातीचे असतात. हाताच्या गोधडीतही वेगळं काही नसतं. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून आजी जो धावदोरा घालायची, तो कडेपासून मध्यापर्यंत धावदोराच असायचा. नक्षी यायची ती कापडाच्या रंगातून आणि ओळींच्या दिशेतून.

म्हणजे मशीन निवडताना प्रश्न बदलतो. ‘हे काय काय करतं?’ हे विचारण्यात अर्थ राहत नाही. ‘ही एक टीप हे किती नेमकी मारतं?’ एवढंच पाहायचं. आणि इथे एक गोष्ट लक्षात येते जी तक्ता वाचून कधीच कळत नाही. बाकीचे टाके नुसते मशीनमध्ये पडून राहत नाहीत, ते सरळ टिपेच्या वाट्यातलं काही काढून घेतात.

काय काढून घेतात ते सुईपाशी बसून पाहावं लागतं. झिगझॅग मारायचा तर सुई डावी-उजवीकडे हलली पाहिजे. त्यासाठी सुईचा दांडा एका हलत्या चौकटीत अडकवलेला असतो, आणि खालच्या प्लेटला गोल भोकाऐवजी आडवी खाच असते. रुंदी पाच मिलिमीटर, सात, काही मशीनांत नऊसुद्धा. सरळ टीप मारताना सुई त्या खाचेच्या मध्यावर उतरते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कापडाखाली आधारच नसतो. नव्या, कडक कापडाला याने फारसं बिघडत नाही. गोधडीत मात्र त्रिकोणांची टोकं असतात, कडेला अगदी चिंचोळे तुकडे असतात आणि वापरून वापरून मलमलीसारखं मऊ झालेलं जुनं सुती कापड असतं. सुई खाली जाताना ते टोक सोबत घेऊन खाचेत शिरते. दोरा गुंततो, कोपरा चुरगळतो, ओढून काढावा तर फाटतो. शिवणारे यावर उपाय करतात. आधी एका चिंधीवरून टीप सुरू करायची आणि ती न तोडता खऱ्या तुकड्यावर यायचं. उपाय चांगला आहे, पण तो खाचेसाठी करावा लागतो हे विसरू नये.

केवळ सरळ टीप मारणाऱ्या मशीनची प्लेट वेगळी असते. तिला सुई जेमतेम जाईल एवढं एकच भोक असतं. कापडाला सुईच्या चहूबाजूंनी आधार मिळतो. सुईचा दांडा मशीनच्या ओतीव अंगात पक्क्या बसवलेल्या वाटेतून फक्त वर-खाली जातो. बाजूला हलायची त्याला सोयच नसते. गोधडीच्या कामात हे फार मोलाचं ठरतं, कारण तीन थरांचा जड पसारा टेबलावरून खाली लोंबत असतो आणि प्रत्येक टाक्याला सुईला एका बाजूला ओढत असतो. सुई थोडी जरी वाकली तर खालच्या शटलचं टोक तिच्या दोऱ्याचा फास पकडू शकत नाही आणि टाका सुटतो. सलग रेघेत मधेच एक लांब टाका दिसला की लोक दोऱ्याला दोष देतात. बऱ्याचदा तो सुईच्या वाकण्याचा असतो.

आता टीप सरळ आली, पण ती जागेवरही यायला हवी. तुकडे जोडताना पाव इंच, म्हणजे साधारण सहा मिलिमीटर, कापड आत सोडायचं हा क्विल्ट करणाऱ्यांचा जगभरचा शिरस्ता. इथे एका मिलिमीटरची चूक केवढी होते पाहा. टीप एक मिलिमीटर आत गेली की दोन्ही तुकड्यांचा एक-एक मिलिमीटर जातो, म्हणजे दर जोडाला दोन. बारा चौकोनांच्या रांगेत अकरा जोड असतात. रांग बावीस मिलिमीटरने आखूड होते, जवळजवळ एक इंच. सगळ्याच रांगा सारख्या आखूड झाल्या तर गोधडी नुसती लहान होईल, एवढंच. पण एक रांग आखूड आणि तिच्या खालची पूर्ण असली तर चौकोनांचे कोपरे एकमेकांवर येत नाहीत, आणि मग ओढून-ताणून शिवलेली गोधडी मध्यावर फुगते. आपल्याकडच्या जुन्या, फक्त सरळ टीप मारणाऱ्या काळ्या मशीनच्या पाट्यावर सुईच्या उजव्या हाताला स्क्रूची दोन भोकं असतात. ती कडेची पट्टी बसवण्यासाठीच दिलेली आहेत. पट्टी मिळाली नाही तर सुईपासून सहा मिलिमीटर मोजून कागदी चिकटपट्टीचे चार-पाच थर चिकटवावेत. कापडाची कड त्याला लावून चालवत राहायचं. याहून महागडी सोय मला तरी जास्त नेमकी वाटलेली नाही.

तीन थर टिपण्याची अडचण आणखी वेगळी. मशीनचे दाते खालून कापड पुढे नेतात आणि वरून प्रेशर फूट ते दाबून धरतो. एका-दोन थरांत दोघांचं जमतं. गोधडीत दाते अस्तर पुढे ढकलतात, वरचा पदर फुटाखाली मागे रेंगाळतो आणि रेघेच्या शेवटी चुण्या पडतात. वरचं कापडही दात्यांनी पुढे न्यावं म्हणून वॉकिंग फूट असतो, आणि तो साध्या मशीनलाही बसणारा मिळतो. पण त्याआधी एक फुकटची गोष्ट करून पाहावी. काळ्या मशीनच्या डोक्यावर, फुटाच्या दांड्याच्या वर एक स्क्रू असतो. तो दोन-तीन फेरे सैल केला की फुटाचा दाब कमी होतो आणि वरचा पदर मोकळा चालतो. सुरुवातीच्या किमतीच्या पुष्कळ हलक्या मशीनांत दाब बदलायची सोयच दिलेली नसते. साठ टाके आणि दाबाला कळ नाही, हा माझ्या मते उलटा व्यवहार आहे. अर्थात दाब कितीही नीट केला तरी थर आधी वितीपेक्षा कमी अंतरावर पिनांनी किंवा कच्च्या टाक्यांनी पक्के करावे लागतातच. तिथे कुठलंच मशीन कामी येत नाही.

जगात ज्यांनी गोधडी गंभीरपणे घेतली त्यांची पसंती पाहिली तर हेच दिसतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातल्या आमिश बायका सार्वजनिक वीज वापरत नाहीत. त्यांनी वरचे पदर पायमशीनवर जोडले आणि टिपले हाताने, आणि त्यांच्या रंगांची मांडणी आज चित्रकलेचे अभ्यासक अभ्यासतात. सिंगर कंपनीने १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात फेदरवेट २२१ नावाचं छोटं ॲल्युमिनियमचं मशीन आणलं. वजन पाच किलोच्या आसपास, टीप फक्त सरळ. ते बनणं थांबून अर्धं शतक उलटलं, तरी तिकडच्या क्विल्ट करणाऱ्या बायका ते जुन्या बाजारात शोधून, दुरुस्त करून वापरतात. आणि सर्वांत बोलका पुरावा खुद्द कारखान्यांचा. जुकीसारख्या जपानी कंपन्या क्विल्टसाठी म्हणून जी खास मशीनं विकतात, त्यांतली काही फक्त सरळ टीप मारतात, आणि ती शंभर टाक्यांच्या कितीतरी घरगुती मशीनांपेक्षा महाग असतात. म्हणजे साधेपणा ही गरिबाची तडजोड आहे असं बनवणाऱ्यांनाही वाटत नाही.

याचा अर्थ घरातलं कुठलंही जुनं धूड उत्तमच, असं मात्र नाही. काळ्या मशीनच्या उणिवा खऱ्या आहेत. त्यातली मोठी उणीव जागेची. सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामध्ये साधारण साडेसहा इंच मोकळे असतात. साठ इंची गोधडीची मधली रेघ मारताना तीस इंचांची गुंडाळी त्या जागेतून सरकवायची असते. म्हणून मध्यापासून सुरू करायचं, एका कडेपर्यंत जायचं, मग गोधडी फिरवून दुसरी बाजू घ्यायची. म्हणजे अर्ध्याहून जास्त पसारा कधीच आत येत नाही. भरण पातळ असेल तर निभतं, जाड असेल तर खांदे भरून येतात. पैसे जास्त खर्च करायचेच असतील तर या जागेवर करावेत. नऊ इंचांच्या आसपास जागा देणारी सरळ टिपेची मशीनं मिळतात. तसंच उजेडाचं. आणि पाय उचलला की सुई कापडातच थांबते ही सोय असेल तर तिला नाकं मुरडू नयेत. कोपऱ्यावर वळताना रेघ हलत नाही, तो आराम खरा आहे. पायमशीनवर हे काम उजव्या हाताने चाक फिरवून करावं लागतं.

ज्यांना रेघांऐवजी वेलबुट्टी टिपायची आहे त्यांनी दाते खाली घेता येतात का हे पाहावं. मग कापड हातानेच हवं तसं फिरवता येतं. काही काळ्या मशीनांना त्याची कळ असते, काहींना नसते. नसेल तर दात्यांवर झाकण बसवून किंवा टाक्याची लांबी शून्यावर आणून चालवता येतं.

कापडाची फुलं-पक्षी कापून वर शिवायचे असतील तर कडा झाकायला दाट झिगझॅग बरा पडतो, हे कबूल. पण कडा आत दुमडून सरळ टीप मारली तरी फूल बसतं, आणि पांघरताना कडक दोऱ्याचे वळ अंगाला लागत नाहीत. साडीला पिको लागेल, ही शंका विचारणारे विचारतातच. पिको-फॉल करून देणारा आपल्याकडे दर दोन गल्ल्यांआड असतो; त्याच्यासाठी घरातल्या मशीनची सुई हलती ठेवायचं कारण नाही.

ज्यांच्याकडे झिगझॅगचं मशीन आधीच आहे त्यांनी ते विकायला धावू नये. त्या मॉडेलची एकभोकी प्लेट वेगळी मिळते का, हे आधी विचारावं. ती बसवल्यावर चुकूनही झिगझॅगची कळ फिरवू नये, सुई प्लेटवर आपटून मोडते. काळ्या मशीनवाल्यांना ही भीती नाही. शिवाय तालुक्याच्या गावातही त्याचा कारागीर सापडतो, पट्टा आणि बॉबिन केस कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि देखभाल म्हणजे ठरलेल्या भोकांत तेलाचे थेंब. सर्किट बिघडलेल्या मशीनला मात्र कंपनीची वाट पाहावी लागते, आणि मॉडेल बंद झालेलं असेल तर नुसतीच वाट पाहावी लागते.

तेव्हा दुकानात जाताना तक्ता वाचायला जाऊ नका. घरातलं जुनं सुती कापड, तुमचं भरण आणि अस्तर यांचा वीतभर चौकोन पिना लावून सोबत न्या, आणि एक सुटा त्रिकोणही न्या. आधी त्रिकोणाच्या टोकापासून टीप सुरू करून पाहा. मग तीन थरांवर हळूहळू एक लांब रेघ मारा, तुकडा उलटा करा आणि खालचे टाके बघा. ते वरच्यासारखेच दिसले, चुण्या पडल्या नाहीत आणि टोक गिळलं गेलं नाही, तर ते मशीन घ्या, मग त्याच्यावर एकच टाका छापलेला का असेना.